गुरुवारीच गळणारा नळ

नळाच्या कामात मिस्त्रींचा हात धरील असा माणूस आसपास नव्हता, आणि पिण्याच्या बाबतीतही नव्हता. भिंतीला कान लावून आतला पाईप नेमका कुठे पाझरतोय ते सांगायचे आणि बरोबर तिथेच छिन्नी लावायचे. उगाच अर्धी भिंत फोडून ठेवणाऱ्यांची त्यांना मनस्वी चीड. नवीन भाडेकरू राहायला आला की शेजारीपाजारी त्याला दोन गोष्टी आधी सांगत: कचऱ्याची गाडी कधी येते, आणि मिस्त्रींना बोलवायचं तर सकाळी बोलवा, जेवणानंतर नको.

त्यांची लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. मुलगी पाना घेऊन फिरते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "तुमचा संडास तुंबला की हिलाच पाठवतो, तेव्हा मुरडा." बापलेकीचं जमायचंही छान. मोठ्या इमारतीतलं काम दोघांचं असतं. एकजण गच्चीवर टाकीच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहतो, दुसरा खाली मोकळ्या पाईपात हात घालून बसतो. खालच्याने "उघडा!" अशी आरोळी दिली की वरच्याने व्हॉल्व्ह उघडायचा. तोवर आभाळ कोसळलं तरी हात लावायचा नाही. लेकीला हा नियम मिस्त्रींनीच शिकवला होता, आणि मोडला तोही त्यांनीच.

एका वसतिगृहात गरम पाण्याच्या लाईनचं काम होतं. दुपारी जेवताना मिस्त्रींनी "अगदी थोडीशी" घेतली. त्यांची थोडीशी किती असायची हे घरच्यांना विचारा. गच्चीवर ऊन, पोटात ती, आणि त्यांना वाटलं आरोळी आली. आरोळी कोणी दिलीच नव्हती. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला तेव्हा खाली लेकीचा उजवा हात पाईपात होता. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी सोलून निघाली. दवाखान्यात ती रडली नाही की बापाला एक शब्द बोलली नाही. पट्टी सुटली त्या दिवशी मात्र तिने हत्यारांची थैली जमिनीवर रिकामी केली, दोन वाटे केले आणि म्हणाली, "वर तुम्ही असाल तर यापुढे खाली माझा हात नसेल."

तेव्हापासून ती एकटीला जमतील तेवढीच कामं घ्यायची. नळ बदलणं, बेसिन बसवणं, तुंबलेलं मोकळं करणं. मोठी कामं दारात चालून यायची, ती नाही म्हणायची. दुसरा जोडीदार तिने घेतला नाही आणि बापालाही परत विचारलं नाही. मिस्त्रींच्या जिवाला हेच लागून राहिलं होतं. लोकांनी नावं ठेवली, गिऱ्हाइकं तुटली, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण लेक आपल्या भरवशावर पाईपात हात घालत नाही म्हटल्यावर आपण कसले मिस्त्री, असं त्यांना वाटायचं.

बायकोने तर थेट बोलणंच टाकलं होतं. समोर बसलेल्या नवऱ्याला ती लेकीमार्फत निरोप धाडायची. "विचार त्यांना, चहा घेणार का." लेक मान वर न करता म्हणायची, "आई विचारतेय." मिस्त्री म्हणायचे, "सांग, घेईन." तिघांच्या मध्ये हातभर अंतर, आणि टपालखातं चालू. मिस्त्री शपथा घेत होते. आज घ्यायची, परवा मोडायची, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एका गुरुवारी संध्याकाळी शाळेचा वॉचमन बोलवायला आला. शिक्षकांच्या खोलीतल्या बेसिनचा नळ टिपटिप गळत होता. दारूचं दुकान त्या दिवशी बंद असल्यामुळे मिस्त्री शुद्धीत होते. हे खरं कारण, बाकी काही पुण्याई नाही. त्या खोलीला मधोमध प्लायवुडचं पार्टिशन होतं. अलीकडे बेसिन आणि कपाटं, पलीकडे बसायची जागा. मिस्त्रींनी नळ खोलला तोवर पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. पालकसभा असेल, असं त्यांना वाटलं. मग एक बाई बोलू लागल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज होता.

"मी बाटली फ्लशच्या टाकीत ठेवायचे," बाई म्हणाल्या. "एक तर थंड राहायची, आणि नवरा तिथे कशाला बघायला जातोय!"

मिस्त्रींचा पाना जागच्या जागी थांबला. फ्लशच्या टाकीतल्या बाटल्या त्यांना नवीन नव्हत्या. भल्याभल्यांच्या घरात त्यांनी पाहिल्या होत्या. एकदा तर एका सभ्य गृहस्थांची अर्धी बाटली रिचवून, तेवढंच पाणी भरून, झाकण लावून ते निघून आले होते. त्या गृहस्थांना तक्रार करायला तोंड नव्हतं. पण ही गोष्ट कोणी चारचौघांत बसून सांगावी, आणि ऐकणाऱ्यांनी छी-थू करू नये, हे मिस्त्रींनी जन्मात पाहिलं नव्हतं. या बाई म्हणजे त्याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे. त्या अगदी शांतपणे सांगत होत्या, की बक्षीस समारंभात मंचावर तोल गेला आणि ढाल देता देता त्या पहिल्या आलेल्या मुलीच्या अंगावर पडल्या.

त्यांच्यानंतर एक जाड्या आवाजाचा बसड्रायव्हर बोलला, मग आणखी कोणी. सुरुवातीला प्रत्येकजण सांगायचा, "मला दारूचा आजार आहे." सल्ला कोणी कोणाला देत नव्हतं. एकाचं झालं की बाकीचे म्हणत, "बरं वाटलं तुम्ही आलात," की पुढचा सुरू. शेवटी हेडबाईंनी सांगितलं, "इथलं इथेच ठेवायचं. पुढच्या गुरुवारी भेटू."

नळातला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी ती चामड्याची चकती, मिस्त्रींनी केव्हाच बदलला होता. तरी पलीकडच्या खुर्च्या पुन्हा जागेवर जाईपर्यंत ते बेसिनपाशी उभे राहिले आणि मागच्या दाराने घरी गेले. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की एवढा वेळ आपल्याला प्यायची आठवणसुद्धा झाली नाही.

पुढच्या गुरुवारी जावं असं फार वाटत होतं. पण आत कसं जायचं? हेडबाईंच्या स्वयंपाकघराची लाईन त्यांनी टाकली होती, ड्रायव्हरच्या घरी मोरीचं काम केलं होतं. ज्यांच्या घरात आपण "गळती कुठेय, दाखवा" म्हणत ताठ मानेने शिरतो, त्यांच्यापुढे जाऊन आपलीच गळती दाखवायची? छे. मिस्त्रींनी दुसरी युक्ती काढली. जिला युक्ती म्हणताना मलाही हसू येतं. त्यांनी जुन्या थैलीतला एक कुजका वायसर शोधला, शाळेत जाऊन "परवाचं काम एकदा बघून घेतो" म्हणत चांगला वायसर काढला आणि कुजका घातला.

आयुष्यात मिस्त्रींनी कोणाचं काम मुद्दाम बिघडवलं नव्हतं. प्यायलेले असतानाही नाही. हा वायसर घालताना त्यांचे कान गरम झाले. पण नळ हुकमी गळू लागला. वॉचमन बोलवायला आला, मिस्त्री म्हणाले, "गुरुवारी येतो." गुरुवारी आले, नळ उघडून बसले, पार्टिशनपलीकडचं सगळं ऐकलं, आणि जाताना दुसरा कुजका वायसर घालून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पैसे मागायचं तर नावच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. मिस्त्री भांडं लपवून वर ताकवाल्याचा माठ फोडून येत होते.

"मिस्त्री, हा नळ गुरुवारीच का हो गळतो?" वॉचमनने एकदा विचारलं.

"गुरुवारी पाण्याला दाब असतो," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले.

याचा उपयोग होत होता, आणि पुरेसा होत नव्हता. गुरुवारी सकाळपासून ते थेंबाला शिवत नसत. शुक्रवारही जाई. मग कधी शनिवारी, कधी रविवारी पाय आपोआप दुकानाकडे वळत. गळ्याशी आलेलं सगळं पार्टिशनच्या अलीकडेच राहायचं, बोलायला कोणी नाही.

शेवटी शाळेलाच कंटाळा आला. एकच नळ, इतक्यांदा दुरुस्त, तरी गळतो! ऑफिसातून हुकूम सुटला की दुसरं कोणीतरी बोलवा. वॉचमनने बोलावलं ते मिस्त्रींच्या लेकीला. बापाच्या कामावर लेकीचा उतारा, त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या गुरुवारी मिस्त्री खोलीत शिरले तर बेसिनपाशी लेक. नळ उघडलेला, आणि तिच्या भाजलेल्या हाताच्या तळव्यावर तो वायसर. मिस्त्री चामड्याचे वायसर स्वतः कापायचे, कडेला किंचित उतार देऊन. तसा उतार दुसरं कोणी देत नसे, आणि तो तिने लहानपणापासून पाहिला होता.

"हा तुमच्या हातचा आहे," ती म्हणाली.

"हो."

"कुजलेला आहे, बाबा."

"हो."

"चुकून गेला?"

खोटं बोलायला याहून चांगली संधी मिळाली नसती. मिस्त्रींनी ती घेतली नाही.

"वॉचमन म्हणतो, दर गुरुवारी येतात, तासभर बसतात, पैसे घेत नाहीत." तिचा आवाज दबका होता. "इथे येऊन पिता का तुम्ही? शाळेत?"

"नाही गं पोरी. तुझी शपथ."

"माझ्या शपथा पुरे झाल्या. मग करता काय इथे?"

पलीकडे खुर्च्या ओढल्या गेल्या. हेडबाई म्हणाल्या, "चला, सुरू करू या." आणि ड्रायव्हरचा जाडा आवाज आला, "मी ड्रायव्हर. मला दारूचा आजार आहे."

लेकीने पार्टिशनकडे पाहिलं. मग बापाकडे. मिस्त्रींनी मान खाली घातली. इतकी लाज त्यांना दुकानाच्या पायरीवर पडलेले सापडले तेव्हाही वाटली नव्हती. तिने थैलीतून नवा वायसर काढला, बसवला, नळ आवळला, दोनदा उघडबंद करून पाहिला आणि खाली बोट धरलं. बोट कोरडं राहिलं.

"आता हा काही वर्षं गळत नाही," ती हळूच म्हणाली. "इथे उभं राहायला तुम्हाला आता काही कामच उरलं नाही, बाबा." तिने थैलीचे बंद ओढले. "दार व्हरांड्यातून आहे. पलीकडून."

व्हरांडा कितीसा लांब असणार, पण मिस्त्रींची पाचावर धारण बसली होती. दार ढकललं तशी सगळी तोंडं वळली. मिस्त्रींच्या तोंडातून निघालं ते एवढंच:

"नळ... दुरुस्त झाला."

आधी कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी खोली हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे मिस्त्रींना उभ्या उभ्या कळलं.

"झाला का एकदाचा? सुटलो," हेडबाई म्हणाल्या. "आता आम्हाला जरा हळू बोलता येईल. तुम्ही नळ बंद करून कान दिलात, की आम्ही इकडे आवाज चढवायचो. या ड्रायव्हरचा तर मागच्या आठवड्यात घसा बसला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मिस्त्रींनी विचारलं. "मी सगळ्यांचं चोरून ऐकलं. इथलं इथेच ठेवायचं असतं ना?"

"मग, कुठे बाहेर सांगितलंत का?"

"नाही."

"तर मग बसा की."

मिस्त्री बसले. खुर्ची लहान मुलांची होती, गुडघे छातीशी आले. बोलायची सक्ती नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. पण इतक्या गुरुवारचं तुंबलेलं होतं, ते थांबतंय कुठे. "मी मिस्त्री," ते म्हणाले. "मला दारूचा आजार आहे. मी माझ्या लेकीचा हात भाजला." आजवर ते "अपघात झाला" म्हणत आले होते. "मी भाजला" असं त्यांनी बायकोपुढे, देवापुढे, स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. एकदा म्हटल्यावर त्यांना रडू आवरेना. कोणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही, कोणी "असू द्या हो" म्हटलं नाही. त्यांना पोटभर रडू दिलं आणि मग सगळे म्हणाले, "बरं वाटलं तुम्ही आलात."

ते घरी पोचले तेव्हा लेक आलेली नव्हती. ती थोड्या वेळाने आली. डोळे सुजलेले होते. पार्टिशनच्या अलीकडे ती किती वेळ उभी होती हे मिस्त्रींनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आईच्या कानाशी ती काहीतरी बोलली. आई बराच वेळ भांडी घासत राहिली, आणि मग भांड्यांकडे बघतच म्हणाली, "अहो, चहा ठेवू का?" टपालखातं त्या दिवशी बंद झालं.

आता इथे गोष्ट संपवली तर ऐकायला गोड लागेल, पण खोटी होईल. मिस्त्री दर गुरुवारी जात राहिले आणि मध्येच एकदा घसरले. एका नव्या बंगल्याचं काम पुरं झालं तेव्हा मालकाने खुशीने पेला पुढे केला, आणि इतके दिवस "नको" म्हणणारी जीभ ऐन वेळी टाळ्याला चिकटली. ये रे माझ्या मागल्या. तोंड दाखवायची लाज म्हणून त्यांनी पुढचा गुरुवार बुडवला. त्याच संध्याकाळी ड्रायव्हर घरी येऊन थडकला.

"आता काय येऊ?" मिस्त्री अंथरुणातून म्हणाले. "सगळं वाहून गेलं."

"मिस्त्री, तुम्ही बसवलेला एखादा जोड पुन्हा गळाला, तर काय करता?"

"परत बसवतो."

"की घराला आग लावता?"

"वेडेबिडे आहात का?"

"मग चपला घाला," ड्रायव्हर म्हणाला. "हेडबाई खोळंबल्यात. त्या उशिरा येणाऱ्याला अजून बाकावर उभं करतील, सांगता येत नाही."

मिस्त्रींनी चपला घातल्या. त्यानंतर दिवसामागून दिवस कोरडे गेले. ते कोणी भिंतीवर मांडून ठेवले नाहीत, पण बायकोची झोप सुधारली, आणि दुपारनंतर मिस्त्रींना बोलावायला हरकत नाही, ही बातमी हळूहळू भाडेकरूंपर्यंत पोचली.

लेक मात्र अजून एकटीच कामाला जात होती. मिस्त्रींनी तिला विचारलं नाही. मागून मिळणारी ती गोष्ट नव्हती.

मग एके दिवशी दवाखान्याचं काम आलं. तीन मजल्यांची गरम पाण्याची लाईन बदलायची होती. हे काम एकट्याचं नव्हेच. लेकीने दोन दिवस हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, उद्या रिकामे आहात?"

मिस्त्रींनी कप बशीत ठेवला. ज्यासाठी जीव टाकला होता ते समोर आलं, आणि त्यांना त्याचीच भीती वाटली. "दुसरं कोणी बघ ना," ते म्हणाले. "गरम पाण्याचं काम आहे."

"दुसरं कोणी बघायचं असतं तर केव्हाच बघितलं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर व्हॉल्व्हपाशी उभे राहिले. खाली तळमजल्यावर लेक. तिने जुना तुकडा काढला, नवा घातला, जोड आवळले. मग तिची आरोळी आली, "उघडा!"

मिस्त्रींनी व्हॉल्व्हवर हात ठेवला. हात हलेना. आरोळी आली, हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्या दिवशीही त्यांनी ऐकलीच होती की.

"उघडा, बाबा!"

मिस्त्री तीन जिने उतरून खाली आले. लेक पाईपापासून हातभर लांब उभी होती. "ऐकू नाही का आलं?" तिने वैतागून विचारलं.

"आलं," ते धापा टाकत म्हणाले. "हात दाखव."

"काय?"

"हात दाखव आधी. दोन्ही."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि लहान मुलं जेवणाआधी दाखवतात तसे दोन्ही हात पुढे केले. डाव्यावर ग्रीस, उजव्यावर ती गुलाबी, आकसलेली कातडी. मिस्त्रींनी दोन्ही नीट पाहिले आणि पुन्हा तीन जिने चढून वर गेले. व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या मजल्याच्या कामालाही तेच. आरोळी, जिने, हात, जिने. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस, गुडघे कुरकुरायला लागले, पण ऐकेना.

दुसऱ्या मजल्याचं काम संपलं तेव्हा आरोळी लगेच आली नाही. मिस्त्री वाट बघत राहिले. मग खालून हाक आली, "बाबा, कठड्यापाशी या."

ते कठड्यापाशी गेले आणि खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लेकीचे दोन्ही हात बाहेर आले होते, कोपरांपर्यंत, तळवे आभाळाकडे.

"दिसले?" तिने आतून विचारलं.

"दिसले."

"मग उघडा. पाणी येईपर्यंत मी हात आत घेत नाही."

मिस्त्रींनी डोळे पुसले आणि व्हॉल्व्ह उघडला.